भरवशाची खुर्ची

"वहिनी, सकाळपासून पोटात काही ढकललं नाही ना? चहासुद्धा नाही?" बिराजदार वकिलांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"नाही हो वकीलसाहेब. काल संध्याकाळपासून नुसत्या पाण्यावर आहे."

"मग ठीक. भरल्या पोटी आकडा गडबडतो."

जिल्हा न्यायालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, जामीन कक्षाबाहेरच्या बाकड्यावर सुवर्णा ढवारे बसली होती. तिच्यासारख्या आणखी पाच-सहा जणी होत्या. रक्त तपासायला आल्यासारख्या सगळ्या उपाशी, सगळ्यांची तोंडं सुकलेली. कुणाचा मुलगा आत, कुणाचा दीर, कुणाचा नवरा. सुवर्णाचा नवराच. उत्तरेश्वर ढवारे, वय सेहेचाळीस, बोरदरी गावचा वॉलमन. म्हणजे नळाचं पाणी सोडणारा. बावीस वर्षं खांद्यावर लोखंडी चावी टाकून त्याने गल्लोगल्ली वॉल फिरवले. गेल्या साली वॉलवर कुलूपबंद पेट्या बसल्या आणि पाणी सोडायचं काम कॉम्प्युटर करू लागला. उत्तरेश्वरला पेट्यांवर देखरेखीला ठेवलं. कुंभारगल्लीची टाकी भरलेली आहे असं कॉम्प्युटरला कुठून कोण जाणे वाटू लागलं, आणि त्या गल्लीला अकरा दिवस पाण्याचा थेंब मिळाला नाही. तक्रारी करून उत्तरेश्वर थकला. बाराव्या दिवशी त्याने पेटीचं कुलूप तोडलं, जुनी चावी घातली आणि वॉल उघडला. गल्लीने घागरी भरल्या, आणि दुपारी पोलिसांनी त्याला उचललं. सार्वजनिक पाणीयंत्रणेत हस्तक्षेप, नवा कायदा, मोठं कलम. त्याला आता तीन आठवडे होत आले होते.

खटला उभा राहायलाच दोन वर्षं लागणार होती. तोवर घरी की आत, हे ठरवणार होती ती खुर्ची.

पूर्वी जामीन म्हटला की सातबारा लागायचा, घरपट्टीची पावती लागायची, पत असलेला माणूस लागायचा. ज्याच्याकडे यातलं काही नाही, तो किरकोळ गुन्ह्यासाठी वर्षानुवर्षं कच्च्या कैदेत सडायचा. आणि ज्याच्या हातात चार पैसे, त्याच्यासाठी फाटकाबाहेर भाडोत्री जामीनदार दुसऱ्याचा सातबारा काखेत मारून तयारच असायचे. ही घाण एकदाची काढावी म्हणून खुर्ची आली. बरं झालं की वाईट झालं, ते ज्याचं त्याने ठरवावं.

खुर्चीमागचं शास्त्र तसं अवघड नाही. एका वृद्धाश्रमात काही डॉक्टर म्हाताऱ्यांच्या पचनाचा अभ्यास करत होते. हृदयासारखे जठरालाही विजेचे ठोके असतात, मिनिटाला साधारण तीन. पोटाला पट्टा बांधून ते मोजता येतात. दर रविवारी मुलं भेटायला यायची. ज्यांची मुलं खरोखर येणार असत, त्यांचे ठोके तासभर आधीच बदलायला लागत, तळहाताला बारीक घाम सुटे, डोळ्यांच्या बाहुल्या रुंदावत. ज्यांची मुलं फोनवर हो हो म्हणत आणि येत नसत, त्यांचं शरीर मात्र ढिम्म. तोंडाने ते म्हातारेही छातीठोक सांगत, येणार, माझा पोरगा येणारच. पण पोट तयारीला लागत नसे. शरीर सदानकदा पुढच्या क्षणाची तयारी करत असतं, आणि ती करतं मागच्या हजार अनुभवांवरून. तिथे माया चालत नाही, भीड चालत नाही, लोक काय म्हणतील हेही चालत नाही. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, की सुटलेला माणूस तारखेला येईल का पळेल, हे त्याच्या सातबाऱ्यापेक्षा त्याच्याबरोबर एका छपराखाली राहणाऱ्याच्या पोटाला जास्त कळत असेल. काही हजार खटल्यांवर पडताळून पाहिलं, तर खरंच निघालं.

तेव्हापासून जमीन नको, पावती नको. पाच वर्षं एका घरात राहिलेलं एक माणूस आणा, त्याला खुर्चीत बसवा. साठच्या वर आकडा आला की आरोपी घरी. आणि तो तारखेला आला नाही, तर तो सापडेपर्यंत जामीनदार आत. एका जामीनदाराला दोनच संधी, पंधरा दिवसांच्या अंतराने. दुसऱ्यांदाही आकडा कमी आला, तर पुढे सहा महिने विचारायचंच नाही.

उत्तरेश्वरला असं माणूस एकच होतं. लेक ईश्वरी तीन वर्षांपासून नर्सिंगला नाशिकला. आई-वडील वरती गेलेले.

"सुवर्णा उत्तरेश्वर ढवारे!" शिपायाने पुकारा केला.

न्यायाधीश हुंडेकर मॅडम वर बसल्या होत्या. भिंतीवरच्या पडद्यावर तुरुंगातून उत्तरेश्वर दिसत होता, दाढी वाढलेला, आशेने पुढे झुकलेला. खुर्ची सांभाळणाऱ्या मुलीने सुवर्णाच्या पोटाला पट्टा बांधला, बोटांना चिमटे लावले आणि समोरच्या छोट्या पडद्याकडे बघायला सांगितलं. पडद्यावर ह्याच कोर्टाचं दार, दारावर घड्याळ.

"तारीख आहे. अकरा वाजता उत्तरेश्वर ढवारे ह्या दारातून आत येतील," मुलगी पाठ केल्यासारखं म्हणाली. "ताई, तुम्ही काही बोलायचं नाही. फक्त बघायचं."

दहा पंचावन्न. काटा सरकू लागला. सुवर्णा मनाशी घोकत होती, येतील, येतील, येतील. दार बंदच. असं बारा वेळा झालं. मग मुलीने कागद मॅडमकडे दिला.

"चौतीस," मॅडम म्हणाल्या.

सुवर्णाने पडद्याकडे पाहिलं. उत्तरेश्वर मागे सरकला होता.

*

"चौतीस?" तुरुंगातल्या मुलाखतीच्या काचेपलीकडून उत्तरेश्वर म्हणाला. "शाळेत पस्तिसाला तरी पास करतात. तू मला नापास केलंस."

"मी नाही हो केलं. पोटाने केलं."

"पोट कुणाचं? माझं का?"

सुवर्णाने डोळ्यांना पदर लावला. तिला रडू येत नव्हतं, नुसती चुरचुर होत होती. तीन आठवडे झोप नव्हती.

"अख्खं बोरदरी माझ्यावर घड्याळ लावतं," तो बोलतच सुटला. "साडेतीन म्हणजे साडेतीन. बावीस वर्षांत एक पाळी चुकवली असेन तर सांग. पेट्या बसल्या तरी फेरी सोडली नाही. थंडी असो, ताप असो. आणि माझ्या घरातल्या माणसाला वाटतं, मी तारखेला यायचो नाही?"

"मला तसं वाटत नाही."

"मग चौतीस कुठून आले?"

उत्तर होतं, पण ते काचेतून सांगण्यासारखं नव्हतं. ईश्वरीच्या बारशाला हे महाशय पाळण्याची दोरी हातात घ्यायच्या वेळी कुठल्या गल्लीत पाईप फुटला म्हणून गेले, ते बाया जेवून उठल्यावर आले. सुवर्णाचं स्वतःचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा "आलोच" म्हणून बाहेर पडले आणि ती शुद्धीवर येऊन चहा प्यायली तरी पत्ता नाही. त्याच्या "आलोच" ला किती तास, हे ती लग्नानंतर वर्षभरात शिकली होती. आणि पाणी? आपल्या घरावर बोट नको म्हणून स्वतःच्या गल्लीचा वॉल तो सगळ्यात शेवटी उघडायचा. गावाच्या घागरी साडेतीनला भरायच्या, सुवर्णाची सातला, तीही बारीक धारेखाली. कुठल्या बाईचं पोट ह्यावर भरवसा ठेवील?

पण तो म्हणत होता तेही खोटं नव्हतं. पाणी वेळेवर सुटायचं, हे गाव सांगत होतं. एकच माणूस गावाला घड्याळासारखा आणि घराला असा कसा, हे तिचं तिलाच उलगडेना.

"जेवता का नीट?" तिने विचारलं.

"माझं सोड," तो म्हणाला. "पुढच्या वेळी तरी चांगलं मन कर." आणि वेळ संपण्याआधीच उठून गेला. बावीस वर्षांत तो तिच्याशी भांडला होता, ओरडला होता, पण असा पाठ फिरवून कधी गेला नव्हता. ते तिला फार लागलं.

*

कोर्टाच्या फाटकाबाहेर पूर्वी भाडोत्री जामीनदार उभे असायचे, तिथे आता क्लास निघाले होते. 'भरवसा वाढवा, सात दिवसांत.' बिराजदारांनीच तिला एकात नेलं. "उपाय म्हणून करून बघायचं वहिनी. नाहीतरी पंधरा दिवस हातावर हात ठेवून काय करणार?"

क्लासवाला मोठा गोडबोल्या होता. डोळे मिटा म्हणाला, श्वास मोजा म्हणाला. मग तिच्या हातात कागद-पेन दिलं. "मिस्टर तुम्हाला सांगून वेळेवर आले, असे वीस प्रसंग लिहा. ते रोज सकाळी वाचा. पोटाला नवी सवय लागते."

सुवर्णा तासभर पेन चावत बसली. बाजूच्या बाईने पान भरवलं. सुवर्णाच्या कागदावर दोन ओळी झाल्या. एक, लग्नाच्या बोलणीला आले तेव्हा. दोन, ईश्वरीचा दहावीचा निकाल. दुसरी ओळ तिने नंतर खोडली, कारण त्या दिवशी तो घरीच होता.

"अहो ताई, थोडं आठवायचं जोर लावून," क्लासवाला म्हणाला.

"जोर लावूनच आठवतेय भाऊ. नाहीयेत तर आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?"

गोळ्याही मिळत होत्या. काळीज थंड ठेवणाऱ्या. बिराजदार म्हणाले, गोळ्या नकोत, आता रक्तही तपासतात, पकडलं तर तुम्हीच आत जाल. सुवर्णा बसने बोरदरीला परत आली आणि तशीच चपला न काढता ओसरीवर बसून राहिली. स्वयंपाक करायचं त्राण नव्हतं, आणि कुणासाठी करायचा?

दुसऱ्या दिवशी दुपारी नसीमबी आली, डब्यात खिचडी घेऊन. कुंभारगल्लीच्या तोंडाशी तिचं शिवणकामाचं दुकान. ज्या गल्लीसाठी उत्तरेश्वरने कुलूप तोडलं, ती हीच गल्ली.

"भाभी, खाऊन घे आधी," ती म्हणाली, "मग एक सांगते. रागावू नको."

"सांग की."

"आम्ही चौघी जणी त्या क्लासवाल्याकडे गेलो होतो. त्याच्याकडे छोटी खुर्ची आहे ना, पहिल्यांदा फुकट बसवतो. म्हटलं उत्तरभाऊंना कुणी मिळत नसेल तर आम्ही उभ्या राहू. मला एक्याण्णव आला. जरीनाला अठ्ठ्याऐंशी."

सुवर्णाच्या हातातला घास हातातच राहिला. परक्या बायकांना एक्याण्णव, आणि बावीस वर्षं ज्याची भाकरी थापली त्याच्यासाठी आपल्याला चौतीस. ती लाजेने आणि संतापाने लाल झाली.

"मग घेऊन जा त्यांना तुमच्या गल्लीतच," ती फटकन म्हणाली.

"वकिलाला विचारलं," नसीमबी शांतपणे म्हणाली. "बाहेरचं माणूस चालत नाही म्हणे. नाहीतर गेले असते. भाभी, मला कोर्टकचेरी काय कळते? पण साडेतीनला पाईपातून पहिली फुस्स व्हायची ना, तिच्या आधी माझे डोळे उघडायचे. गजर नाही, काही नाही. घागर घेऊन नळाशी उभी, आणि पाणी हजर. इतकी वर्षं. माझं पोट आणखी काय सांगणार?"

"तुझे साडेतीनला उघडायचे," सुवर्णा कडवटपणे म्हणाली, "माझे पावणेतीनला. अजून उघडतात. आज तीन आठवडे घरात कुणी नाही, तरी मेले पावणेतीनला टक्क उघडतात."

"पावणेतीनला? तुमच्या गल्लीला तर पाणी सातला."

"यांना उठवायला!"

"गजर नाही लावत?"

"दोन लावायचे. मोबाईलचा एक, टेबलावरच्या घड्याळाचा एक. झोपेतच हात लांब करून बंद करायचे. मी दिवा लावायची, हाका मारायची, गोधडी ओढायची. शेवटी तोंडावर पाणी मारायची. हातात चावी द्यायची, दारापर्यंत सोडायची, नाहीतर उंबऱ्यावर बसून पुन्हा पेंगणार. एकदा मी माहेरी गेले होते चार दिवस, तर रोज पावणेतीनला तिथून फोन करून..."

बोलता बोलता ती थांबली.

"या अल्ला," नसीमबी हळूच म्हणाली. "म्हणजे आमचं पाणी तू सोडत होतीस."

सुवर्णाला हसू आलं आणि मागोमाग रडू. श्वास घेतो ते माणूस मोजत नाही, तशी ती रोजची पावणेतीन तिने कधी मोजलीच नव्हती. चौतीस कुठून आले ते तिला आता लख्ख कळलं. सगळं गाव त्याला चावी घेऊन येताना बघत होतं. गोधडीखालचा माणूस फक्त तिनेच पाहिलेला. तो एकटा उठून अकराला कोर्टात येईल, असं तिच्या पोटाला वाटत नव्हतं, आणि पोट अजिबात चुकत नव्हतं.

*

दुसऱ्या वेळी ती खुर्चीत बसली, पण पट्टा बांधू देईना.

"मॅडम, मला आधी बोलायचंय."

"वहिनी!" बिराजदार मागून दबक्या आवाजात म्हणाले.

"बोला," हुंडेकर मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, तुम्ही हाच प्रश्न विचारलात तर पुन्हा चौतीसच येणार. पन्नास वेळा विचारलंत तरी येणार. कारण हा माणूस आपणहून उठत नाही. पळून जाणाऱ्यातला नाही हो तो, पळायलाही वेळेवर उठावं लागतं." मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. "बावीस वर्षं मी त्यांना पावणेतीनला उठवते, म्हणून गावाला साडेतीनला पाणी मिळतं. ते येतील का, हे मला विचारू नका. मी त्यांना आणेन का, हे विचारा."

पडद्यावर उत्तरेश्वरची मान खाली गेली होती. सुवर्णाला वाईट वाटलं. नवऱ्याची झोप चव्हाट्यावर आणली आपण. पण नवरा घरी यायला हवा होता, आणि त्यासाठी दुसरा रस्ता नव्हता.

सरकारी वकील उठले. "मॅडम, प्रश्न ठरलेला आहे. असा जो तो आपल्या सोयीचा प्रश्न मागू लागला तर कसं चालायचं?"

हुंडेकर मॅडमनी नियमांचं पुस्तक उघडलं. बराच वेळ वाचत राहिल्या. त्यांच्याही डोळ्यांखाली काळं होतं. त्या दिवसाची ती एकोणिसावी खुर्ची होती.

"नियम म्हणतो, आरोपी हजर राहील याची जामीनदाराला किती खात्री आहे ते मोजा," शेवटी त्या म्हणाल्या. "एकटा आला पाहिजे असं इथे कुठेही लिहिलेलं नाही. प्रश्नात दोघांची नावं घ्या."

खुर्ची सांभाळणाऱ्या मुलीने बटणं दाबली. तेच दार, तेच घड्याळ. "तारीख आहे. अकरा वाजता सुवर्णा ढवारे उत्तरेश्वर ढवाऱ्यांना घेऊन ह्या दारातून आत येतील."

दहा पंचावन्न. सुवर्णाने ह्या वेळी काही घोकलं नाही. काटा सरकताना तिला नकळत खांदा ताठ झाल्यासारखं वाटलं, हात पुढे व्हावासा वाटला, गोधडी ओढायला होतो तसा. दार उघडायच्या आतच ती अर्धी उठली होती.

"ताई, बसा, बसा. पट्टा निघेल," मुलगी म्हणाली.

शहाण्णव आला.

बिराजदारांनी टाळी वाजवली आणि मॅडमनी डोळे वटारल्यावर रुमाल काढून घाम पुसला. "ढवारेबाई," मॅडम म्हणाल्या, "परिणाम कळतोय ना? ते आले नाहीत तर आत तुम्ही."

"कळतोय," सुवर्णा म्हणाली. खाली येऊन तिने कँटीनमध्ये दोन वडापाव खाल्ले. चाळीस मैलांचा प्रवास, महिन्याभराची वणवण, आणि मिळालं काय, तर शहाण्णव. म्हणजे गावाचं पाणी होतंच, आता कोर्टही गळ्यात. तिला आनंद झाला होता, नाही असं नाही. पण तो आनंद करायलासुद्धा अंगात जीव लागतो.

*

उत्तरेश्वर घरी आला तो गुपचूप. गल्लीने हार आणले, नसीमबीने शिरा केला. तो सगळ्यांशी चार शब्द बोलला आणि खाली मान घालून बसला. सगळे गेल्यावर म्हणाला, "खरंच रोज तोंडावर पाणी मारायचीस?"

"मग काय अत्तर मारायची?"

"मला वाटायचं, मीच उठतो."

तो चेष्टा करत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि सुवर्णाला त्याचा रागही आला आणि कीवही.

पहिली तारीख गुरुवारी होती. आठची एस.टी. गाठायची म्हणजे साडेसहाला उठणं आलं. बुधवारी संध्याकाळी तो म्हणाला, "उद्या मला उठवू नकोस. काहीही झालं तरी नको. मी उठतो."

"बघा हं. तुम्ही नाही आलात तर मी आत जाणार."

"माहीत आहे. म्हणूनच सांगतोय."

गुरुवारी ती पावणेतीनलाच जागी झाली, ते असो. साडेसहाला मोबाईलचा गजर झाला. ती चुलीपाशी चहाचं आधण ठेवून कान देऊन उभी राहिली. गजर वाजला, वाजला आणि बंद झाला. मग टेबलावरचं घड्याळ खणखणलं आणि तेही बंद झालं. सुवर्णा थांबली. शब्द दिला होता. चहा उतू गेला. पावणेसात. तिने दशम्या बांधल्या. सात. तिने साडी बदलली, कागदांची पिशवी दाराशी ठेवली. आतून घोरणं ऐकू येत होतं. सात वाजून वीस मिनिटं झाली. तुरुंगाचं भय होतंच, पण खरं दुःख ह्याचं होतं, की कालपासून कुठेतरी तिला वाटून गेलं होतं, आज उठतील.

ती आत गेली आणि गोधडी ओढली.

"अहो, उठा."

तो ताडकन उठून बसला. "किती वाजले?"

त्याचा चेहरा असा काही झाला होता, की तिच्या तोंडाशी आलेलं सगळं तिने गिळलं. टेबलावरचं घड्याळ तिने आत येतानाच पालथं घातलं होतं. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"गजर आत्ताच वाजला," ती म्हणाली. "तुम्ही उठतच होतात."

त्याने तिच्याकडे पाहिलं. अंगावर बदललेली साडी, दाराशी पिशवी. खिडकीतलं ऊन पलंगाच्या पायापर्यंत आलेलं. त्याला कळलं असणार. पण त्याने दोन तांबे अंगावर घेतले, चहा उभ्याने घशात ओतला आणि पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेऊन निघाला. एस.टी. सुटता सुटता मिळाली.

पावणेअकराला त्यांनी कोर्टात हजेरी लावली. कारकून म्हणाला, "नाव पुकारेपर्यंत बाहेर बसा. लांब जाऊ नका. पुकारा झाला आणि जामीनदार नसला तरी गैरहजेरीच लागते."

बाकडं तेच होतं. आज खुर्ची नव्हती, उपास नव्हता, पट्टा नव्हता. भिंतीला डोकं टेकलं मात्र, आणि दीड महिन्याची झोप सुवर्णाच्या अंगावर धाडकन कोसळली.

"सुवर्णा. सुवर्णा, उठ."

कुणीतरी खांद्याला हळूच हलवत होतं. तिला काही केल्या डोळे उघडेनात. आपल्याला कुणी उठवतंय, हे तिच्या अंगाला ओळखीचंच नव्हतं. कपाळावर ओला हात फिरला. बाटलीतलं पाणी त्याने हातावर घेतलं होतं.

"उठ गं. आपलं नाव पुकारलं."

ती दचकून सरळ बसली. उत्तरेश्वर समोर उकिडवा बसला होता. बाकड्यावर दशम्यांचा डबा तसाच, गाठही न सोडलेला. बाजूला दोन चहाचे कप, दोन्ही भरलेले, दोन्हींवर साय धरलेली. बाकड्यावरची बाकीची माणसं केव्हाच बदलली होती.

"अगं बाई! किती वेळ झोपले मी?"

भिंतीवरचं घड्याळ तिच्या डोक्याच्या बरोबर वर होतं. तिला दिसत नव्हतं. त्याने एकदा तिकडे पाहिलं आणि तिला हात धरून उठवलं.

"आत्ताच डोळा लागला होता तुझा," तो म्हणाला. "चल."